भरलेली खाट म्हणजे यश नव्हे

कल्याण जंक्शनच्या आवारात किंवा ठाण्यात पुलाखाली झोपणारे सगळे भिकारी, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्यांत नाक्यावरचे मजूर असतात, हमाल असतात, भंगार वेचणारेही असतात. रोजची कमाई असते. खोलीचे डिपॉझिट भरता येत नाही. झोपडीत राहणारेही बेघर नव्हेत. जनगणनेने २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री उघड्यावरच्यांची वेगळी मोजणी केली, तेव्हा महाराष्ट्रात ते दोन लाखांवर भरले.

निवारा ही महापालिकेची मेहेरबानी, हा समजही चुकीचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने निकष घातला: लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय. २०११ च्या आकड्यांवर ठाणे शहराला (१८.४१ लाख) सुमारे १,८०० आणि कल्याण-डोंबिवलीला (१२.४७ लाख) सुमारे १,२०० जागा लागतात. आज त्याहून जास्तच.

'पैसा सरकारी, म्हणजे फळही तपासले जात असणार!' इथेच खरी गोम आहे. उपयोगिता प्रमाणपत्रातून रक्कम खर्च झाली एवढे कळते, माणसाचे पुढे काय झाले ते नाही. शिवाय निधी खर्चच होत नसल्याची दखल घेऊन न्यायालयाला २०१६ मध्ये न्या. कैलाश गंभीर समिती नेमावी लागली.

मग निवाऱ्यातल्या भरलेल्या खाटांवर अनुदान द्यावे का? नको. एखाद्याला भाड्याची खोली मिळाली की खाट रिकामी होते, आणि कागदावर ते अपयश दिसते. बरे, 'स्थिरावलेल्या' माणसामागे पैसे दिले, तर निवारा चालवणाऱ्या संस्था तरुण, धडधाकट लोक निवडतील. मनोरुग्ण, व्यसनी, म्हातारे बाहेरच राहतील. लंडनने २०१२ मध्ये यावर तोड काढली. रस्त्यावरच्या ८३१ जणांची यादी आधीच ठरवली, म्हणजे सोपी माणसे वेचायला वावच उरला नाही. घर मिळाल्यावर ते बारा आणि अठरा महिने टिकले का, यावरही पैसे ठरले.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कल्याणचा माणूस लोकलने ठाण्याला गेला, तर कल्याण-डोंबिवली महापालिका त्याला 'कमी झाला' म्हणेल आणि ठाणे 'नवा आला'. त्यामुळे निकालावर पैसे द्यायचे, तर यादी दोन्ही महापालिकांची मिळून एकच हवी. पंधराव्या वित्त आयोगाने हवेच्या गुणवत्तेच्या अनुदानासाठी मोठ्या शहरसमूहांना एकच घटक मानले होते. बेघरांसाठी तसे करायला कोणती अडचण आहे?