हाताचा जोर आणि गेज

भोसरीच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये बोअरिंगवाल्याच्या हाताशी एक जाडसर पोलादी दांडी असते. मध्ये पकड, दोन्ही टोकांना घासून गुळगुळीत केलेले दंडगोल. हा प्लग गेज. यावर वाचायला ना काटा, ना पट्टी. २५ एच-७ मापाचं भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे. ‘गो’ टोक अलगद आत उतरावं, ‘नो-गो’ तोंडाशीच अडावं. ‘गो’ अडलं तर अजून थोडं कापता येतं. ‘नो-गो’ आत गेलं की जॉब भंगारात.

‘गो’ टोक लांब का असतं? इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी १९०५ साली त्याचं तत्त्व मांडलं: ‘गो’नं भोकाचा सगळा आकार एकदम तपासावा, ‘नो-गो’नं एका वेळी एकच माप. वाकलेलं भोक आखूड टोकाला फसवतं, लांब टोकाला नाही. गेज मात्र ढकलायचा नसतो. जोर लावला की तो खोटं बोलायला लागतो.

हाच जोर आवरायला मायक्रोमीटरला रॅचेट असतं. पॅरिसच्या पामर यांनी १८४८ मध्ये पेटंट घेतलेल्या या स्क्रूच्या मापकाचा आजचा नेहमीचा नमुना एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो. थिंबलवर ५० रेघा, म्हणजे एक रेघ ०.०१ मिलिमीटरची. रॅचेट कटकट वाजलं की थांबायचं. व्हर्निअरची पट्टी त्याहून कितीतरी जुनी, १६३१ची. ती बसवलेला कॅलिपर बाहेरचं, आतलं, खोली, सगळं मोजतो, म्हणून शिकाऊ पोरांचा लाडका. पण त्यात जॉब पट्टीच्या रेषेत नसतो, बाजूला जबड्यात असतो. दाबलं की जबडा किंचित तिरका होतो. शाफ्टच्या शेवटच्या कटाला मी तरी मायक्रोमीटरच मागेन.

फट मोजायच्या पातळ पात्यांच्या फिलर गेजला रॅचेट नाही. इंजिनाच्या टॅपेटची फट सेट करताना पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. ते अडखळणं किती, हे मेकॅनिकच्या बोटांनाच ठाऊक.

आणि बोटांना ऊब असते. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिलिमीटरचं पोलाद १० अंशांनी तापलं की साधारण ११ मायक्रॉन वाढतं. म्हणून लेथवरून उतरलेला गरम जॉब आणि गेज सरफेस प्लेटवर शेजारी ठेवून द्यायचे, आणि दोन्ही निवेपर्यंत हात लावायचा नाही.