सोमल पचवणारा नेचा

जुन्या विहिरीच्या चिऱ्यांमधून, पडक्या वाड्याच्या चुन्याच्या भिंतीतून पावसाळ्यात एक नेचा हमखास डोकावतो. लांब पान, दोन्ही अंगांना पट्टीसारख्या अरुंद पर्णिका आणि टोकाची पर्णिका सगळ्यांत लांब. ती उलटून पाहिली, की कडेकडेने बीजाणूंची तपकिरी रेघ दिसते. शास्त्रीय नाव टेरिस विटाटा. येताजाता त्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. २००१ मध्ये मात्र ‘नेचर’ या नियतकालिकाने त्याची दखल घेतली.

निमित्त होते मध्य फ्लोरिडातल्या एका ओसाड जागेचे. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून लाकडाला तिथे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक (म्हणजे सोमल) यांचे मिश्रण पाजले जाई. काम थांबले, आर्सेनिक मातीत राहिले. फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली रोपे तपासली, तेव्हा या नेच्याच्या पानांत किलोमागे हजारो मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले. मुद्दाम आर्सेनिक मिसळलेल्या मातीत वाढवल्यावर तर वाळलेल्या पानांतले प्रमाण सव्वादोन टक्क्यांपर्यंत गेले. एवढ्या विषात दुसरे रोप केव्हाच मेले असते.

आर्सेनिक काटेकोर अर्थाने धातू नव्हे, धातुसदृश मूलद्रव्य आहे. पण प्रदूषणाच्या बाबतीत ते जड धातूंच्याच पंगतीत बसते. मातीतला आर्सेनेट (आर्सेनिकाचे एक रूप) रचनेने फॉस्फेटसारखा असतो. फॉस्फेट घेण्यासाठी मुळांनी उघडलेल्या वाटेनेच तो आत शिरतो. बहुतेक वनस्पती त्याला मुळांतच अडवू पाहतात आणि खंगतात. हा नेचा मात्र त्याचे आर्सेनाइटमध्ये रूपांतर करून थेट पानांत पाठवतो आणि तिथल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये, कोठीत कुलूपबंद करावे तसा, साठवतो. रिक्तिकेत तो ढकलणाऱ्या प्रथिनाचे जनुक २०१० मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधले. फुलझाडांमध्ये हे जनुक आढळत नाही. नेच्याला या साठ्याचा फायदाही होतो: आर्सेनिकने भरलेली पाने नाकतोडे टाळतात.

मग हा नेचा लावून दूषित माती शुद्ध करता येईल का, याचा आता हिशेब करू. फ्लोरिडातल्या तशाच दूषित जागेवर दोन वर्षे हा नेचा लावला, तेव्हा वरच्या १५ सेंटीमीटर मातीतले आर्सेनिक किलोमागे सरासरी १९० मिलिग्रॅमवरून १४० वर आले. एका एकरात एवढ्या थरातली माती साधारण आठ लाख किलो भरते. म्हणजे ५० मिलिग्रॅमची ही घट एकरी ४० किलो आर्सेनिकाइतकी झाली. वाळलेल्या पानांत अर्धा टक्का आर्सेनिक धरले, तर तेवढे बाहेर काढायला आठ टन वाळलेली पाने कापावी लागतील. शिवाय मुळे पोहोचतात तेवढीच माती निवळते, खालची तशीच राहते. म्हणून विष वरच्या थरात आणि बेताचे असेल, हाताशी वर्षे असतील, तिथेच या उपायाला अर्थ आहे. तिथे तो खरोखर मोलाचा आहे, कारण माती उकरून दुसरीकडे नेण्याचा खर्च वाचतो आणि जमीन जिवंत राहते.

वनस्पतीची निवड चुकली, तर काय होते हे जपानमध्ये दिसले. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर लोकांनी मोठ्या आशेने सूर्यफुले लावली. तिथल्या कृषी मंत्रालयाच्या चाचणीत सूर्यफुलांनी मातीतल्या किरणोत्सारी सीझियमचा जेमतेम दोन हजारावा भाग शोषल्याचे आढळले. चिकणमातीचे कण सीझियमला घट्ट धरून ठेवतात, मुळांना ते मिळतच नाही. अखेर वरची माती खरवडावी लागली.

मला सगळ्यांत जास्त काळजी कापणीनंतरची वाटते. रोपाने विष नष्ट केलेले नसते, फक्त जागा बदललेली असते. ती पाने गुरांपुढे गेली, कंपोस्टच्या खड्ड्यात पडली किंवा चुलीत जळाली, तर सारी मेहनत वाया जाऊन वर नवे संकट उभे राहते. त्यांची रवानगी घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच व्हायला हवी. मोहरीसारखी खाण्याची पिके या कामी वापरताना तर दुप्पट सावधगिरी हवी. एखादा कारखाना वा पालिका दूषित जमिनीवर झाडे लावून ती शुद्ध करत असल्याचे सांगेल, तेव्हा कोणते रोप, किती वर्षे आणि कापलेला पाला कुठे, हे तीन प्रश्न जरूर विचारा. आणि उत्तरे मिळेपर्यंत त्या मातीतली पालेभाजी घरी आणू नका.