मोरचेल ते रॅकेट : माशी मारायची जाळी घरात आली कुठून?

मृगाच्या दोन सरी पडल्या की डोंगरकड्यातल्या केळीच्या बागा टवटवीत होतात आणि घराघरांत माश्या वाढतात. कळमनुरी तालुक्यातले हे गाव केळी, ऊस आणि हळदीच्या पट्ट्यातले. पिकलेली केळी, उसाचा रस, गोठ्यातले शेण आणि अंगणाच्या कडेला उकिरडा. माशीला आणखी काय हवे? मग खिळ्याला अडकवलेली प्लास्टिकची जाळी हातात येते.

वीस-तीस रुपयांची वस्तू. तिला मराठीत धड एक नावही नाही. कुणी 'माश्या मारायची जाळी' म्हणते, तर कुणी हिंदीतून उचललेले 'मक्खीमार'. माशीवर मात्र मराठीने शब्द भरपूर खर्च केले आहेत. काम अडले की 'माशी कुठे शिंकली?', रिकामटेकडा 'माश्या मारत बसतो', मानी माणूस 'नाकावर माशी बसू देत नाही', आणि डोळे झाकून नक्कल करणाऱ्यासाठी 'मक्षिकास्थाने मक्षिका' आहेच. माश्या मारणे हेच जिथे रिकामपणाचे लक्षण, तिथे त्या हत्याराला कोण नाव देणार!

पण ही जाळी वाटते तितकी जुनी नाही. तिचे वय जेमतेम सव्वाशे वर्षे आहे.

आधी मारत नव्हते, हाकलत होते

त्याआधीची हजारो वर्षे माणसाने माशी मारण्यापेक्षा हाकलण्याचीच साधने केली. त्यातले सर्वांत मानाचे साधन म्हणजे चवरी, संस्कृतातले चामर. याकच्या शेपटीच्या केसांचा झुबका, त्याला लाकडाची किंवा चांदीची मूठ. अजिंठ्याच्या लेण्यांत बुद्धाच्या दोन्ही बाजूंना चवरी धरलेले सेवक दिसतात. देवावर आणि राजावर चवरी ढाळणे हा पुढे सन्मानाचा विधी झाला आणि मूळचे माशी वारण्याचे काम मागे पडले. डोंगरकड्याहून जवळच असलेल्या नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात गुरू ग्रंथ साहिबवर आजही चवरी ढाळली जाते. मोरपिसांचे मोरचेल हे तिचेच भावंड.

हिंगोली जिल्ह्यातल्याच शिरड शहापूर या जैन तीर्थक्षेत्री येणाऱ्या दिगंबर मुनींच्या हातातली मोरपिसांची पिंछी थोडी वेगळी. तिने बसायची जागा आधी हळुवार झाडून घ्यायची, म्हणजे कीटक दूर होतो आणि मरत नाही. सामान्य घरात अर्थातच एवढे सोपस्कार नव्हते. निंबाचा डहाळा, विंझणा, पदराचे टोक किंवा कडुनिंबाच्या पाल्याचा धूर यांवर भागत असे. बैलाच्या तर शेपटीवरच सगळे सोपवलेले.

मग माशी शत्रू कधी झाली?

त्याचे उत्तर १८९८ सालात आहे. त्या वर्षी अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध झाले. अमेरिकी सैनिक लढाईत मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त रोगराईने, मुख्यतः विषमज्वराने, छावण्यांतच मेले. चौकशीसाठी वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांना नेमले गेले. छावणीतले शौचाचे खड्डे उघडे होते आणि त्यांवर चुना टाकला जात असे. त्या चुन्याने पाय पांढरे झालेल्या माश्या जेवणावर फिरताना आढळल्या. माशी कुठून उठली आणि कुठे बसली, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा काय असणार? माशीमुळे नुसता वैताग होत नाही, ती खड्ड्यातली घाण ताटात आणते, हे तेव्हापासून सरकारी कागदावर आले.

(त्याच सुमारास, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. सिकंदराबाद आणि हिंगोली दोन्ही तेव्हा निजामाच्या राज्यात होती.)

जाळीचे पहिले पेटंट जानेवारी १९०० मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट माँटगोमेरी यांना मिळाले. लांब दांडी आणि पुढे तारेच्या जाळीचा लवचिक तुकडा. पण घराघरांत ती पोहोचवली सॅम्युएल क्रम्बाईन या डॉक्टरांनी. ते कॅन्सस राज्याच्या आरोग्य मंडळाचे सचिव होते. १९०५ च्या उन्हाळ्यात माश्यांविरुद्ध मोहीम चालवताना त्यांना घोषणा सुचत नव्हती. चेंडूफळीच्या अमेरिकी अवताराचा, म्हणजे बेसबॉलचा सामना पाहताना प्रेक्षकांच्या आरोळ्यांतून ती सापडली : 'माशीला झोडा!' त्यानंतर फ्रँक रोझ नावाच्या शिक्षकाने मोजपट्टीला खिडकीच्या जाळीचा तुकडा ठोकून एक बॅट केली. क्रम्बाईन यांनी तिचे जे नामकरण केले, तेच 'फ्लाय स्वॅटर' हे नाव जगभर चालले. पुढे तारेची जागा प्लास्टिकने घेतली. बाकी रूप तेच राहिले.

छिद्रे कशासाठी?

हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी करून माशीवर मारून पाहा. बहुतेक वेळा माशी निसटते. सपाट, भरीव वस्तू पुढची हवा ढकलत येते. माशीच्या अंगावरच्या बारीक केसांना ती हवा आधी कळते. छिद्रांतून हवा निघून जाते, म्हणून जाळीची चाहूल कमी लागते आणि हवेचा अडथळा कमी झाल्याने ती वेगानेही येते. लवचिक दांडीमुळे शेवटच्या क्षणी टोकाला आणखी वेग मिळतो.

एवढे करूनही माशी सुटते, कारण तिचे डोळे. आपल्या डोळ्याला सेकंदाला साधारण ६० लुकलुकी वेगळ्या कळतात, माशीला २५० च्या आसपास. आपला सपाटा तिला संथ चाललेला दिसतो. २००८ मध्ये अमेरिकेतले संशोधक मायकेल डिकिन्सन आणि ग्वेनेथ कार्ड यांनी फळमाशीचे अतिवेगवान चित्रण करून दाखवले, की उडण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीच ती धोका कुठून येतोय हे हेरून पाय त्यानुसार रोवते आणि विरुद्ध दिशेला झेपावते. म्हणून नेम माशीवर न धरता, ती जिकडे उडेल त्या बाजूला थोडा पुढे धरावा.

आणि रॅकेट?

बाजारात चट् चट् आवाज करणारे विजेचे रॅकेट हे त्याच जाळीचे धाकटे रूप. तैवानच्या त्साओ-ई शिह यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९९६ मध्ये मिळाले. दोन-तीन व्होल्टच्या बॅटरीतून आतले सर्किट शेकडो ते हजारो व्होल्ट तयार करते. विद्युतप्रवाह अगदी थोडा असल्याने माणसाला झटका बसतो, पण सहसा इजा होत नाही. तरी बटण सोडल्यावरही जाळीत थोडा वेळ भार उरतो, तेव्हा ते लेकरांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये. गॅस गळतीचा वास येत असेल तर अजिबात चालवू नये, कारण ठिणगी पडते. अन्नावर तर जाळीही नको आणि रॅकेटही नको. मेलेल्या माशीच्या चिंधड्यांबरोबर तिच्या अंगावरचे जंतू ताटात पडतात.

उकिरड्याचा हिशेब

खरी गोम इथे आहे. घरमाशीची मादी एका वेळी शंभरावर अंडी घालते, आयुष्यात पाचशेच्या आसपास. शेणात, ओल्या कचऱ्यात. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही दिवसाला पन्नास मारा, परड्यात हजारो तयार होत असतात. शिवाय माशी सहज एखादा किलोमीटर जाते, म्हणजे शेजारच्या उकिरड्याची माशी तुमच्या भाकरीवर. एकट्या घराने कितीही झोडले तरी भागत नाही.

याची किंमत लेकरे मोजतात. पाकिस्तानातल्या खेड्यांत कीटकनाशक फवारून माश्या आटोक्यात आणल्यावर पाच वर्षांखालच्या मुलांतली हगवण २३ टक्क्यांनी घटली, असा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. क्रम्बाईन यांच्या मोहिमेतही झोडणे हा एक भाग होता; खिडक्यांना जाळ्या लावा, शौचाचे खड्डे झाका, घोड्यांची लीद हलवा, हेही ते सांगत. लोकांनी त्यातली सोपी गोष्ट उचलली.

आपल्याकडे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी खताची जी पद्धत बसवली ती देशभर 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी छिद्रे. त्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपून टाकायचे. नाडेपकाकांचा हेतू थोड्या शेणात जास्त खत मिळवण्याचा होता. पण लिंपलेल्या टाक्यात माशीला अंडी घालायला उघडे ओले शेण फारसे मिळत नाही, आणि कुजताना आत उष्णता वाढते ती अळ्यांना सोसत नाही. डासांसाठी असेच काम नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने केले. घराघरांत शोषखड्डे करून गावाने उघडी गटारे संपवली.

टाके बांधणे जमत नसेल, तर आठवड्यातून दोनदा गोठ्यातले शेण उचलून घरापासून दूर न्यावे आणि ढिगावर मातीचा थर द्यावा. आठ-दहा दिवसांचे चक्र तिथेच तुटते. अळ्या कोशात जायला ढिगाच्या कडेच्या कोरड्या मातीत सरकतात, म्हणून ती कडाही खरवडायची. हे सगळे मृगाच्या आधी केलेले बरे. पाऊस लागल्यावर भिजलेला उकिरडा उपसणे किती जड जाते, ते डोंगरकड्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको.