कामगारकपातीचा मासिक ताळेबंद

व्यापारी आपला जमाखर्च रोज मांडतो. देशभरातील कारखान्यांनी महिन्याकाठी किती कामगारांना घरी पाठवले, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. अमेरिकेने तो अनेक वर्षे मांडला.

तेथील श्रम सांख्यिकी कार्यालय १९९५ पासून सामूहिक कामगारकपातीचे आकडे दरमहा गोळा करीत असे. एकाच मालकाकडील किमान ५० कामगारांनी पाच आठवड्यांच्या आत बेकारी भत्त्यासाठी अर्ज केले, की एक घटना नोंदली जाई. अर्ज सरकारी दप्तरात येतच असल्याने मालकाच्या सांगण्यावर विसंबावे लागत नसे. कोणत्या उद्योगाला व कोणत्या राज्याला झळ बसली, हेही त्यातून कळे.

हे आकडे वाचण्यास मात्र सावधपणा लागे. नाताळचा हंगाम सरला की हंगामी नोकर कमी होत. नव्या नमुन्यांच्या तयारीसाठी मोटारींचे कारखाने जुलैत काही काळ बंद राहत. म्हणून हंगामी चढउतार वजा करून आणि सलग काही महिने ताडून पाहिल्यावरच कल उमगे. कपात तात्पुरती की कायमची, हे केवळ अर्जांवरून ठरत नसे. त्यासाठी ३० दिवसांहून अधिक काळ टिकलेल्या कपातीची तिमाही चौकशी वेगळी होई.

२००९ मध्ये अशा घटना सुमारे २८ हजारांवर गेल्या आणि अर्ज सुमारे २८ लाख झाले. अमेरिकेतील कुटुंबांनी खर्चाला हात आखडता घेतला, त्याचा धक्का सुरतेपर्यंत पोहोचला. अमेरिका ही हिऱ्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ. २००८ च्या दिवाळीनंतर सुरतेतील पैलू पाडणारे अनेक कारखाने उघडलेच नाहीत. हजारो कारागीर सौराष्ट्रातील आपल्या गावी परतले. नगावर मजुरी घेणाऱ्या या कारागिरांना बेकारी भत्ता नव्हता. अर्ज नाही, म्हणून दरमहाची नोंदही नाही. एकाच मंदीतील एका देशाची झळ आकड्यांत उतरली, दुसऱ्याची केवळ घराघरांत जाणवली.

पुढे २०१३ मध्ये सरकारी खर्चकपातीत अमेरिकेतील ही मोजणीच बंद झाली. मोजणी थांबली, कपात थांबली नाही. तेथे आता नोकरभरती व नोकरकपातीची मासिक पाहणी होते. ती एकूण प्रमाण सांगते, पण कोणत्या मालकाने एकदम किती माणसे काढली हे सांगत नाही. १९८८ च्या कायद्यानुसार साधारणपणे १०० वा अधिक कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते, एवढा आधार उरतो.

भारतात भविष्य निर्वाह निधी संघटना २०१८ पासून दरमहा सभासदांची आवकजावक प्रसिद्ध करते. ती उपयुक्त आहे. परंतु ज्यांच्या नावे निधीचे खातेच नाही, ते तीत दिसत नाहीत. म्हणून एका महिन्याच्या आकड्यावर उधारी वाढवू वा आखडू नये. आपला माल ज्या उद्योगाला जातो, त्याचा कल सलग काही महिने पाहावा आणि सारी येणी एकाच कारखान्यात अडकू देऊ नयेत. आणि आपल्या पेढीवरील माणसांची देणी चोख ठेवावीत. कारण पेढी मंदावली, तर त्यांची नावे कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाहीत.