धंद्याची किंमत ठरवणारा माणूस

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या वाणिज्य पदवीधराला सीए ठाऊक असतो, पण ‘नोंदणीकृत मूल्यांकक’ हा व्यवसाय फारसा माहीत नसतो. जिल्ह्यातली एखादी जिनिंग कंपनी बाहेरच्या गुंतवणूकदाराला नवे शेअर देते, तेव्हा एका शेअरची रास्त किंमत हा मूल्यांककच काढतो: पुढच्या कमाईवरून, तशाच धंद्यांच्या बाजारभावावरून किंवा मालमत्तेतून देणी वजा करून.

कंपनी कायदा, 2013 चं कलम 247 आणि 2017 चे नियम हा याचा पाया. शेअर व वित्तीय मालमत्तेच्या गटासाठी सीए, सीएस (कंपनी सचिव), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) किंवा वित्त विषयातलं एमबीए, तीन वर्षांचा अनुभव, 50 तासांचं प्रशिक्षण आणि आयबीबीआयची (भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाची) परीक्षा लागते. पुढे सल्लागारीची दारंही उघडतात.

खरी कसोटी मात्र सचोटीची. ग्राहकाच्या सोयीचा आकडा देणं आणि सौदा जमल्यास वेगळी फी घेणं, दोन्हींना आचारसंहितेत मनाई आहे. ख्रिस्ती व्यापारनीतीही हेच सांगते; बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे. मला ती या पेशाला अगदी नेमकी लागू वाटते, कारण चुकीच्या आकड्याचा फटका बहुधा छोट्या भागधारकालाच बसतो.