समाजमाध्यमांवरील मौन : मतभिन्नता, बहुमताचा दबाव आणि अविश्वास

प्रास्ताविक

व्हॉट्सअ‍ॅपवरील एखाद्या समूहात दोनशे सदस्य असतात. त्यांपैकी एक जण मजकूर टाकतो, दहा-बारा जण अंगठा किंवा जोडलेले हात दाखवितात आणि उरलेले काहीच बोलत नाहीत. मजकूर टाकणारा या मौनास संमती समजतो. मनातून असहमत असलेला सदस्य आपण एकटेच आहोत असे समजतो. समूहाचे खरे मत काय, हे मात्र कोणासच कळत नाही. समाजमाध्यमांविषयीच्या अविश्वासाची चर्चा बहुधा खोट्या बातम्यांपुरती मर्यादित राहते. परंतु तेथे जे मत दिसते ते लोकांचे खरोखरीचे मत आहे काय, याविषयीचा अविश्वास अधिक मूलगामी होय. मतभिन्नतेला मिळणाऱ्या वागणुकीतून तो कसा निर्माण होतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मौनाची कारणमीमांसा

जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी 1974 मध्ये 'मौनाचे आवर्त' ही संकल्पना मांडली. एकटे पडण्याची भीती मनुष्यास स्वाभाविक असते. म्हणून तो सभोवतालच्या मताचा सतत अंदाज घेतो आणि आपले मत अल्पमतात आहे असे वाटताच गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याने ते मत आहे त्याहून अधिक दुर्बल भासते, त्यामुळे आणखी काही जण गप्प होतात, आणि आवर्त खोल होत जाते. समाजमाध्यमे या संकोचातून सुटका करतील, घरात वा कचेरीत न बोलणारा तेथे मोकळेपणाने बोलेल, अशी अपेक्षा आरंभी होती. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने ती खोटी ठरविली. एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या सरकारी पाळतीविषयी प्रत्यक्ष भेटीत बोलण्याची 86 टक्के लोकांची तयारी होती. मात्र फेसबुक आणि ट्विटर वापरणाऱ्यांपैकी केवळ 42 टक्के लोक तेथे लिहिण्यास राजी होते. प्रत्यक्षात बोलण्यास अनुत्सुक असलेल्यांना समाजमाध्यमाने वाचा दिली, असेही दिसून आले नाही.

सॉलोमन अ‍ॅश यांचा 1951 चा प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक अध्यापकास परिचित आहे. रेषांच्या लांबीची तुलना करण्याचे अगदी सोपे काम. परंतु इतर सर्वांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एकतृतीयांश वेळा प्रयोगातील व्यक्तीही तेच चुकीचे उत्तर देई. या प्रयोगाचा पुढील भाग वर्गात बहुधा शिकविला जात नाही, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. एकमत मोडणारा एक साथीदार मिळताच बहुमतापुढे झुकण्याचे प्रमाण झपाट्याने खाली येई. हा साथीदार बहुमताहून अधिक चुकीचे उत्तर देत असला, तरीही ते खाली येई. म्हणजे भिन्न मताचा उपयोग ते मत बरोबर असण्यावर अवलंबून नसतो. एकमताला तडा गेला की इतरांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवता येतो. जो समूह चुकीचे बोलणाऱ्यास बाहेर घालवितो, तो बरोबर बोलू इच्छिणाऱ्याचा आधारही काढून घेतो.

समूहाची रचना

न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन होते ती वितंडा. विरोधकाचा पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून उत्तरपक्षाकडे वळू नये, हा आपल्या शास्त्रग्रंथांचा शिरस्ता. (हल्लीच्या पडद्यावरील चर्चेत पूर्वपक्षास एक हसरा चेहरा चिकटविला की काम भागते.) तथापि हा केवळ स्वभावदोष नव्हे, त्यात माध्यमाच्या रचनेचाही भाग आहे. समूहात सहमती दाखविण्यास एक बोट पुरते. असहमतीला मात्र वाक्ये लिहावी लागतात, आणि ती नावासह, सर्वांदेखत.

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये असे दाखविले की असमाधानी सदस्यापुढे दोन मार्ग असतात : बोलणे किंवा बाहेर पडणे. बाहेर पडणे जितके सुलभ, तितके बोलणे कमी होते. पूर्वी व्हॉट्सअ‍ॅप समूह सोडला की सर्वांना ते दिसत असे. त्या एका ओळीतही निषेधाचा काही अंश होता. ऑगस्ट 2022 मध्ये जाहीर झालेल्या बदलानुसार ही सूचना केवळ समूहचालकास मिळू लागली. जाणाऱ्याचा संकोच वाचला हे खरे, पण कोणी असहमत होऊन गेले, हे सांगणारी ती खूणही पुसली गेली.

वाळीत टाकण्याची प्रथा महाराष्ट्रास नवी नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध राज्याने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै 2017 पासून अमलात आला. समूहातून काढून टाकणे हे अर्थातच त्या बहिष्काराइतके क्रूर नव्हे. तरीही ज्या समूहावर सोसायटीच्या पाण्याची वेळ किंवा शाळेच्या सूचना येतात, त्यातून वगळणे ही केवळ गप्पांतून वगळणी राहत नाही.

कायद्याची बाजू

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित केल्याबद्दल पालघर येथे एका तरुणीस, आणि तो मजकूर पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस अटक झाली. या घटनेतून उद्भवलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66 अ रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी यांत न्यायालयाने भेद केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी त्यांना संरक्षण आहे, असे स्पष्ट केले. तरीही रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले, आणि त्याविरुद्ध न्यायालयास 2022 मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले.

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच जणांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्याचे जाहीर केले. या उपायाने अफवेचा वेग कमी होऊ शकतो. 'हे खरे कशावरून?' असे समूहात विचारणाऱ्याचा संकोच त्याने कमी होत नाही.

सदस्याच्या मजकुरास समूहचालक जबाबदार असतो काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात आला. समान हेतू सिद्ध झाल्यावाचून त्यास जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय मार्च 2021 मध्ये झाला. सदस्य घेणे आणि काढणे यांपलीकडे त्यास फारसे अधिकार नाहीत, हा त्यामागील एक महत्त्वाचा आधार होता. त्यानंतर 2022 मध्येच इतरांचा मजकूर सर्वांसाठी पुसण्याचा अधिकार समूहचालकास मिळाला. तो वापरला की पडद्यावर समूहचालकाने संदेश पुसल्याची एक ओळ उरते. संदेश शिवराळ होता, खोटा होता की केवळ गैरसोयीचा होता, हे त्या ओळीवरून कळत नाही, आणि तो आधी वाचलेले सदस्यही सहसा ते सांगत नाहीत.