इंजिन-कक्षातील उष्णतामान : मापन आणि अर्थ

लहान खासगी विमानांतील बहुतेक पिस्टन-इंजिने हवेने थंड ठेवली जातात. समोरून शिरलेली हवा सिलिंडरांच्या वर दाबली जाते, त्यांच्या शीतनपट्ट्यांमधून खाली उतरते आणि आवरणाच्या तळाकडून बाहेर पडते. तिला वळण देणाऱ्या पत्र्यांच्या कडेची एखादी रबरी पट्टी उलटली, तरी हवा भलत्या वाटेने निसटते व एखादाच सिलिंडर तापतो. शेजारचा थंड राहतो. म्हणून इंजिन-कक्षाचे उष्णतामान असा एकवचनी प्रयोग सदोष होय. तेथे एकाच वेळी अनेक उष्णतामाने नांदत असतात.

जुन्या अनेक विमानांत एकाच सिलिंडरावर मापक असतो. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात असताना दुसऱ्या सिलिंडराने मर्यादा ओलांडलेली असणे शक्य आहे. लायकमिंगच्या अनेक इंजिनांत सिलिंडर-शीर्षाची कमाल मर्यादा सुमारे २६०° से. आहे, तथापि इंजिनाच्या दीर्घायुष्यासाठी सतत उड्डाणात ते सुमारे २२४° से.च्या खाली ठेवावे, अशी त्याच कारखान्याची शिफारस आहे. उष्णतेबरोबर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे बळ घटते, आणि तडा गेलेले शीर्ष आकाशातच निकामी होऊ शकते.

मापनाचे साधन म्हणजे थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांच्या उष्णतामानांत अंतर पडले की विद्युद्दाब निर्माण होतो, हे तत्त्व झेबेक यांच्या १८२१ मधील शोधावर आधारलेले आहे. हे साधन केवळ आपल्या टोकाजवळची स्थिती सांगते. स्पार्क प्लगखालील कडी आणि शीर्षातील खाचेत बसविलेली शलाका एकाच सिलिंडराचे भिन्न आकडे दाखवितात.

निष्कास-वायूच्या बाबतीत तर निव्वळ आकडा गौणच ठरतो. इंधन-मिश्रण विरळ करीत गेल्यास त्याचे उष्णतामान प्रथम चढते, शिखर गाठते व नंतर उतरते. वैमानिकाला उपयोगी पडते ते शिखरापासूनचे अंतर.

मॅग्नेटो, रबरी नळ्या व इंधनवाहिन्या यांची स्थिती ह्या दोन्ही मापकांवर उमटत नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र थर्मोकपल, किंवा ठराविक उष्णतामानाला कायमचा रंग पालटणाऱ्या चिकटपट्ट्या वापरतात. इंजिन बंद झाल्यावर हवेचा प्रवाह थांबतो आणि तप्त धातूतील उष्णता कक्षात पसरते. त्यामुळे वाहिन्यांतील इंधनाची वाफ होऊन इंजिन पुन्हा सुरू करणे कठीण जाते. म्हणून नोंद उतरल्यानंतरही काही काळ चालू ठेवावी लागते.

सारांश, शलाकेचे स्थान, नोंदीची वेळ आणि इतर सिलिंडरांशी तुलना ह्या तीन गोष्टी ज्ञात असल्यावरच आकड्याला अर्थ प्राप्त होतो.